मायसीनी: सोन्याचे मुखवटे कुणाचे?

ग्रीसच्या पेलोपोनीज भागातली ही टेकडी. वर प्राचीन मायसीनी नगराचा बालेकिल्ला. तटाचे दगड इतके अवजड की पुढच्या ग्रीकांना हे माणसाचं काम वाटेचना. सायक्लोप्स नावाच्या एकाक्ष राक्षसांनी ते रचले, असं ते सांगत. नगर वसवलं म्हणे पर्सियसने. तोच तो, मेड्युसा या सर्पकेशी राक्षसीचं डोकं उडवणारा.

आत जायचं ते सिंहद्वारातून. इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं बांधकाम. दारावरची आडवी शिळा अंदाजे २० टनांची. तिच्यावर भिंतीचा भार येऊ नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडली आणि ती झाकायला दोन सिंहांची कोरीव शिळा बसवली. सिंहांना डोकी नाहीत. ती वेगळी घडवून जोडलेली असावीत.

कथेत इथला राजा ॲगमेम्नॉन. ट्रॉय नगरीवर स्वारीला निघालेल्या जहाजांना वारा मिळावा म्हणून त्याने पोटच्या पोरीचा, इफिजेनियाचा बळी दिला. दहा वर्षांनी युद्ध जिंकून परतला, तर बायको क्लायटेम्नेस्ट्रा आणि तिचा प्रियकर ईजिस्थस यांनी त्याचा काटा काढला.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसेनिअस नावाचा प्रवासी इथे येऊन गेला. त्याने लिहिलं: ॲगमेम्नॉन तटाच्या आत पुरलेला आहे, मारेकरी मात्र बाहेर, कारण आत जागा मिळण्याची त्यांची लायकी नव्हती. अभ्यासक म्हणत, हा तट खालच्या गावाचा. हाइन्रिक श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने तो बालेकिल्ल्याचा धरला आणि १८७६ मध्ये सिंहद्वाराच्या आतच खणायला घेतलं.

आधी ट्रॉय खणताना सापडलेलं सोनं त्याने तुर्की सरकारच्या हातावर तुरी देऊन पळवलं होतं. म्हणून ग्रीकांनी त्याच्यावर नजर ठेवायला पानायोटिस स्तामाताकिस हा अधिकारी नेमला. दोघांचं कधी पटलं नाही. श्लीमानला तळ गाठायची घाई, स्तामाताकिसला वरचा प्रत्येक थर नोंदवून हवा. माझं माप स्तामाताकिसच्या पारड्यात.

पण सापडलं ते डोळे दिपवणारंच. खोल खणलेल्या पाच कबरी. सोन्याचे मुखवटे, पात्यावर सिंहाची शिकार चितारलेला खंजीर, थेट बाल्टिक किनाऱ्यावरून आलेला अंबर (झाडाच्या राळेचा खडा), सोन्याच्या पत्र्यात गुंडाळलेली तान्ही मुलं. एका मुखवट्याखाली तर चेहऱ्याचं मांस अजून शिल्लक होतं. ते टिकावं म्हणून अर्गोसहून औषधविक्रेता बोलावून त्यावर मद्यार्कात विरघळवलेली राळ ओतली. श्लीमानने ग्रीसच्या राजाला तार केली: परंपरा ज्यांना ॲगमेम्नॉन आणि त्याच्या सोबत्यांच्या कबरी मानते, त्या मला सापडल्या.

गंमत अशी की ॲगमेम्नॉनचा म्हणून जगभर ओळखला जाणारा दाढीवाला मुखवटा त्या मांस टिकलेल्या चेहऱ्यावरचा नाहीच. तो दुसऱ्याच देहावरचा. आणि त्या कबरी इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपासच्या. ट्रॉयचं युद्ध झालंच असेल, तर त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधीच्या. कथेने जागा अचूक दाखवली, माणसं मात्र चुकीची सांगितली. श्लीमान निघून गेल्यावर, १८७७ मध्ये, सहावी कबर उघडली ती स्तामाताकिसनेच.

मायसीनीवाले स्वतः काय लिहीत होते, ते १९५२ नंतर कळू लागलं. त्या वर्षी मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी लिपी उलगडली. आगीत भाजल्यामुळे टिकलेल्या इथल्या मातीच्या पाट्यांवर सगळा कारकुनी हिशेब आहे: लोकर, तेल, धणे, जिरे, तीळ. ॲगमेम्नॉन नावाच्या राजाचा उल्लेख त्यांत कुठेच नाही.