बाहेरून आलेले

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडी काटछाट केली आहे. खुर्च्या सरकल्याचे आवाज वगळले आहेत.)

नमस्कार मंडळी.

माझा धंदा माणसांना झोपवण्याचा आहे हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही कार्यकारिणीने एका भूलतज्ज्ञ बाईला भाषणाला उभं केलं, आणि तेही फराळाच्या आधी. त्यांच्या धाडसाचं कौतुक करते. चकल्यांचा वास येतो आहे, त्यामुळे कुणी झोपेल असं वाटत नाही. उठून मात्र जाईल.

विषय दिला होता 'आपली मुळं'. तेव्हा वाटलं होतं की वाडा, विहीर, आजीचं जातं आणि मे महिन्यातली एसटी यांवर पंधरा मिनिटं सहज निघतील. तुम्हीही खूश झाला असतात. पण मध्येच आमच्या घरात एक भांडण झालं आणि भाषणाची वाट लागली.

आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, सध्या पुण्याहून आलेले आहेत. ते समोर दुसऱ्या रांगेत बसलेत. हे सांगायची परवानगी मी घेतली आहे. त्यांनी निम्मीच दिली. तर जेवताना अप्पांच्या फोनवर एक व्हिडिओ आला. हरयाणातल्या राखीगढीला, हडप्पा संस्कृतीच्या जुन्या शहराच्या जागी, सांगाडा सापडला, त्याचा डीएनए काढला, आणि 'आर्य बाहेरून आले' हा सिद्धांत कायमचा गाडला गेला, असा त्याचा मथळा. अप्पांचा चेहरा उजळला. माझ्या नवऱ्याला वरणभात कालवताना गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "बाबा, त्याच लोकांचा त्याच वेळी दुसरा निबंध आलाय, त्यात आले असंच म्हटलंय." मग काय! आवाज चढले. शेवटी अप्पा कडाडले, "आपण कुठूनही बाहेरून आलेलो नाही. आपण इथलेच!"

हे 'इथलेच' अप्पा म्हणत होते ते आमच्या इंग्लंडातल्या घरातल्या टेबलाशी बसून. बाहेर पाऊस, रेडिएटरवर वाळत घातलेली अप्पांची कानटोपी.

आमची धाकटी आतापर्यंत भात चिवडत होती. तिने विचारलं, "आजोबा, बाहेरून येणं वाईट असतं का? मग आपण इथे काय करतोय?"

निम्मं वाक्य इंग्रजीत होतं, तुमच्याही घरी तसंच असतं. उत्तर कुणी दिलं नाही. अप्पांनी ताक मागितलं.

आधी राखीगढीचं सांगते, कारण व्हिडिओ तुम्हा सगळ्यांकडे पोचलेला असणार. मंडळाच्या ग्रुपवर तर तो तीन वेगवेगळ्या काकांनी टाकलाय. हे काम आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन झालं. हाडांचे ६१ नमुने तपासले, आणि त्यांतल्या एकाच नमुन्यातून कामापुरता डीएनए मिळाला. ती एक बाई होती, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, मडक्यांसोबत पुरलेली. डीएनए उष्णतेत आणि ओलाव्यात तुटत जातो, तुकडे बारीक बारीक होतात, वर मातीतले जीवाणू शिरतात ते वेगळेच. पुरात भिजून चिंध्या झालेला दिवाळी अंक जुळवायला घ्यावा, आणि त्यातही नव्याण्णव कपटे दुसऱ्याच कुठल्या तरी अंकांचे निघावेत, असं ते काम. कानाच्या आतल्या भागाभोवती, कवटीच्या बुडाशी, पेट्रस नावाचं शरीरातलं फार घट्ट हाड असतं. हल्ली आधी तेच शोधतात, कारण तिथे डीएनए सगळ्यात जास्त टिकतो. त्या बाईचाही तिथूनच मिळाला.

सापडलं काय? तिच्यात दोन प्रकारचे पूर्वज होते. एक, भारतीय उपखंडातले फार जुने शिकारी लोक. दुसरे, इराणच्या बाजूच्या लोकांशी नातं असलेले, पण तिथे शेती सुरू व्हायच्याही आधीच त्यांच्यापासून वेगळे झालेले. तिसरा प्रकार, म्हणजे युक्रेन, रशिया, कझाकस्तानकडच्या गवताळ मैदानातल्या पशुपालकांचा वारसा, तिच्यात अजिबात नव्हता. इथवर अप्पांचा व्हिडिओ बरोबर.

पण सप्टेंबर २०१९ मध्ये दोन निबंध एकदमच आले. दुसऱ्यात मध्य आणि दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन माणसांचा नवा डीएनए होता, आणि त्यावरही शिंदे यांचं नाव आहे. त्यात दिसतं ते असं : त्या गवताळ मैदानातल्या लोकांचा वारसा भारतीय उपखंडात इसवीसनपूर्व २००० ते १५०० च्या सुमाराला आला, म्हणजे हडप्पाची शहरं ओस पडू लागल्यानंतर. आणि आज तो आपल्यात आहे, कुणात कमी, कुणात जास्त. त्यात पुरुषांचा वाटा बायकांपेक्षा मोठा आहे. त्याचा अर्थ काय असेल यावर अप्पांसमोर मी फार बोलणार नाही. ती बाई त्या लोकांच्या आधीची, म्हणून तिच्यात ते नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना मात्र निबंधाचा आपापला अर्धा भाग हवा असतो. आमच्या टेबलावर तेच झालं.

आता गंमत. अप्पांच्या पुण्याच्या दिवाणखान्यात लोकमान्यांची मोठी तसबीर आहे, गणपतीत तिला हार असतो. याच लोकमान्यांनी १९०३ साली 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहिलं. वेदांतली लांबच लांब उषेची वर्णनं, महिनोन्महिन्यांच्या रात्री, यांवरून त्यांनी मांडलं की वेदकर्त्यांचे पूर्वज उत्तर ध्रुवाकडे राहत होते आणि बर्फ वाढल्यावर खाली आले. आजच्या पुराव्यापुढे तो सिद्धांत टिकत नाही. पण बघा ना, टिळकांसारखा माणूस म्हणतो आपले पूर्वज बाहेरून आले, थेट ध्रुवावरून, आणि त्यात त्याला तसूभरही कमीपणा वाटत नाही! इंग्रजांना घालवायला निघालेला माणूस हा. मग आपल्यालाच एवढं का झोंबतं? आपण तर विमानाने आलोय, व्हिसाचे शिक्के अजून पासपोर्टात आहेत.

त्याच १९०३ मध्ये इकडे सॉमरसेटला, चेडरच्या घळीतल्या गुहेत, एक सांगाडा सापडला. चेडर मॅन. दहा हजार वर्षांपूर्वीचा. २०१८ मध्ये त्याच्या डीएनएवरून अंदाज बांधला गेला की त्याची कातडी गडद सावळी, बहुधा काळीच असावी, आणि डोळे निळे. इथल्या वर्तमानपत्रांत काय धुरळा उडाला आठवतंय? आपल्या ग्रुपवर तेव्हा टाळ्यांचे इमोजी पडले होते. दुसऱ्यांचे पूर्वज आपल्यासारखे काळेसावळे निघाले की आपल्याला आनंद होतो. आपले पूर्वज दुसऱ्यांसारखे निघाले की आपण ताक मागतो.

आणि स्टोनहेंज. मंडळाची उन्हाळी सहल, 'उन्हाळी' हा शब्द कार्यकारिणीचा, माझा नव्हे. छत्र्यांखाली पुरीभाजी, आणि त्या दगडांकडे बघून कुणी तरी म्हणालं होतं, "यांनी आपला वारसा किती जपलाय!" तर ज्यांनी ते मोठे दगड उभे केले ते शेतकरी स्वतःच बाहेरचे. त्यांचे पूर्वज तुर्कस्तानच्या बाजूने युरोपभर पसरत इसवीसनपूर्व ४००० च्या सुमाराला या बेटावर आले होते आणि चेडर मॅनच्या लोकांचा वारसा जवळजवळ पुसला गेला होता. मग दगड उभे राहतात न राहतात तोच, इसवीसनपूर्व २४५० च्या आसपास, समुद्रापलीकडून आणखी लोक आले. काही शतकांत या बेटावरचा जवळपास ९० टक्के वारसा बदलला. लढाई झाली, रोगराई आली की आणखी काही, ते डीएनए सांगत नाही. या नव्या लोकांचेही बरेचसे पूर्वज त्याच गवताळ मैदानातले. म्हणजे माझी शेजारीण, जी दर डिसेंबरात मला विचारते की तुम्ही ख्रिसमसला 'घरी' जाणार का, तिचे आणि माझे काही पणजोबा एकाच कळपामागे हिंडत होते. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "हाउ लव्हली," आणि पुन्हा विचारलं, मग जाणार का घरी?

धाकटीचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. वाईट असतं का बाहेरून येणं? ज्यांच्यावर येऊन आदळतात त्यांच्यासाठी कधी कधी असतं, फार वाईट. हे तिला सांगायला हवं. नुसतं "सगळे आलेलेच असतात ग सोन्या" म्हणून पाठीवर हात फिरवायचा, तर चेडर मॅनवर अन्याय होतो.

मला मात्र खरी टोचणी दुसरीकडे आहे, आणि ती माझ्या धंद्यातून आली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले थंगराज, लालजी सिंह आणि हार्वर्डचा डेव्हिड राइक यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात सगळे सगळ्यांत मिसळले. अगदी सगळे. आज या हॉलमध्ये बसलेला एकही जण, कोकणस्थ असो, देशस्थ असो, मराठा, माळी, सीकेपी, कुणीही, निर्भेळ नाही. आणि मग ते मिसळणं थांबलं. लोकांनी आपापसातच लग्नं करायला सुरुवात केली आणि ती शतकानुशतकं चालू ठेवली.

भूल देताना आम्ही सक्सामेथोनियम नावाचं औषध वापरतो. स्नायू सैल करतं, काही मिनिटांत उतरतं. रक्तातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते मोडून टाकतं. काही माणसांत ते विकर जन्मतःच नसतं, मग औषध उतरतच नाही; माणूस तासन्‌तास हलू शकत नाही, श्वास घेऊ शकत नाही, यंत्रावर ठेवावा लागतो. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात हे इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. लाखोंचा समाज, पण फार जुन्या काळी थोड्याच पूर्वजांपासून वाढलेला, आणि तेव्हापासून बाहेर लग्न जवळजवळ नाहीच. आणि ते एकटे नाहीत. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले. त्यांतल्या ८१ समाजांत मूठभर पूर्वजांचा हा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही गडद निघाला. वैद्यकाच्या पुस्तकांत आनुवंशिक आजारांसाठी नेहमी त्याच दोघांची उदाहरणं असतात. आपली नसतात, कारण आपल्याकडे कुणी फारसं बघितलेलंच नाही.

एक आडवळण घेते. पाच हजार वर्षांनी कुणी आपल्याला खणायला आलं तर काय सापडेल? काहीच नाही. आपण जाळतो. राखीगढीनंतरच्या काळातले सांगाडे भारतात इतके कमी मिळतात त्याला आपलं ऊन कारण आहेच, पण अग्नीही आहे. म्हणून शास्त्रज्ञांना पुढच्या काळाचा डीएनए पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या थडग्यांतून घ्यावा लागला. आपल्या घोडनदीकाठच्या इनामगावला घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. तीन हजार वर्षांपूर्वीची ती माणसं मुलांना घरातच ठेवत होती. आपण कागद ठेवतो. आपल्या मागे राहील ती मंडळाची सभासद नोंदवही आणि वधू-वर यादी.

तर त्या यादीबद्दल. आपल्या मंडळाच्या अर्जात आडनावाखाली अजून पोटजातीचा रकाना आहे. ऐच्छिक आहे म्हणतात. मी पाहिलं, तो सोडून पुढे गेलेलं कुणी जवळजवळ नाही. रक्तगटाचा रकाना मात्र बऱ्याच जणांनी रिकामा ठेवलाय. सात समुद्र ओलांडले, गोमांस शिजणाऱ्या कँटीनमध्ये डबा गरम केला, आणि पोटजात तेवढी हातातल्या सामानातून आणली. वजनातही धरली नाही कुणी.

हसू नका, मीही आणलीय. आमची थोरली विद्यापीठात आहे. परवा फोनवर तिने एका मुलाचं नाव दोनदा घेतलं. अप्पांनी पटकन विचारलं, "आडनाव काय त्याचं?" आणि स्वयंपाकघरात मी नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. धाकटी माझ्याकडे बघत होती. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रकाना काढून टाकावा असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेसाठी लिहिला आहे. घरी वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "मांड की, पण थोरलीचं एकदा होऊन जाऊ दे." मी हसले. मला ते विनोदी वाटलं, हीच अडचण आहे. अप्पा म्हणाले, मसुद्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत. त्या त्यांनी सुधारून दिल्या, ठरावाबद्दल मात्र बोलले नाहीत. कागद सचिवांच्या टेबलावर ठेवलाय. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदकाची ओळ कोरी आहे.