तिसऱ्या चरणातले सातवे अक्षर

(दृश्य : फळ्यावर एकच वाक्य. 'पाऊस खूप छान पडत होता.')

निवेदन : तिसरी-चौथीच्या कुठल्याही वर्गात हे वाक्य सापडते. व्याकरणाची चूक त्यात नाही. पाऊसही नाही. 'छान'ऐवजी दुसरा शब्द मागितला तर 'सुंदर' मिळतो, म्हणून तसे मागायचेच नाही. 'खूप' आणि 'छान' खोडायचे आणि विचारायचे : कशावर पडत होता? मग पत्रा येतो, छत्री येते, अंगणात विसरलेला चेंडू येतो. जागा सापडली की क्रियापद आपोआप बदलते. पत्र्यावर तो ताडताड वाजतो, छत्रीवरून ओघळतो, पानावरून ठिबकतो. टपटप, सळसळ, खळखळ असे नादाचे शब्द मराठीत भरपूर आहेत आणि मुलांना ते फार आवडतात. इतके, की ओळीओळीत कोंबले जातात. एका कवितेत असा शब्द एकदाच, हे आधीच ठरवून टाकावे.

(दृश्य : उघडी वही. डावीकडे खाडाखोड, उजवे पान कोरे.)

डावे पान कच्चे, उजवे पक्के. लिहायला दहा-बारा मिनिटे पुरतात. तेवढा वेळ खोडरबर दप्तरात. तो हाताशी असला की पहिली ओळ पाचदा लिहिली जाते आणि दुसरी येतच नाही. ज्याला काही सुचत नाही त्याला 'काहीही लिही' म्हणू नये, त्याने तो अधिकच अडतो. विषय लहान करून द्यावा. 'माझी आई' नको, 'आईचे हात'. 'आमची सहल' नको, 'बसमधली माझी जागा'.

कवितेत पहिला घोटाळा यमकाचा. 'मांजर'ला 'गाजर' सापडते आणि बिचाऱ्या मांजराला गाजर खावे लागते. पहिल्या दोन-तीन कविता म्हणूनच यमकाविना लिहून घ्याव्यात. त्यानंतर मोठ्या अभंगाचा साचा द्यावा : चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. म्हणजे एका कडव्याला जुळणाऱ्या शब्दांची एकच जोडी लागते. ओळीओळीला यमक जुळवण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

(दृश्य : डाव्या पानावरच्या ओळी.)

खिडकीत माझ्या
चिमणीचे घर
काड्या फरशीवर
पसरल्या

यात एक अक्षर जास्त आहे. ते लगेच सांगायचे नाही.

मोजण्यातच खरी गंमत आहे. टाळ्या वाजवून मोजले तर 'चिमणीचे घर' चार टाळ्यांत संपते, कारण बोलताना आपण 'चिम-णी-चे-घर' म्हणतो. कागदावर मात्र अक्षरे सहा. अभंग गाताना प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जाते, म्हणून मोजायचे तेही लिहिलेल्या अक्षरावर बोट ठेवून. जोडाक्षर एकच धरायचे : 'काड्या' म्हणजे दोन. पुष्कळ मुले 'ड्' वेगळा मोजतात आणि आपली बरोबर ओळ उगाच तोडून बसतात. लघु-गुरू आणि मात्रा या वयात आणूच नयेत. एका वेळी एकच गणित पुरे.

व्याकरण कुठून घ्यायचे? याच पानांवरून. 'फूल' दीर्घ लिहिणारी मुले 'फूलाला'ही दीर्घच लिहितात. शब्द पाठ झालेला असतो, त्याचे बदलणे नाही. फळ्यावर जोड्या मांडाव्यात : फूल–फुलाला, वीट–विटेला, बहीण–बहिणीला, गरीब–गरिबाला. शब्दाला प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की शेवटून दुसऱ्या अक्षरातला दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होतो, हे मुले जोड्या पाहून स्वतःच सांगतात. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द त्याच दिवशी वेगळ्या रांगेत दाखवावेत : शरीर–शरीराला. नाहीतर दुसऱ्या दिवशी वह्यांत 'शरिराला' उगवते. अनुस्वाराला नियमापेक्षा अर्थाचा धक्का उपयोगी पडतो. 'मित्राचा चेंडू' आणि 'मित्रांचा चेंडू' शेजारी लिहावे आणि विचारावे, चेंडू कितीजणांचा? क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, तेही तीन वाक्यांत दिसते : मी पतंग उडवला, मी गोष्ट लिहिली, मी चित्र काढले. लिहिणारा मुलगा असो की मुलगी, ही रूपे तशीच राहतात. 'कर्मणी प्रयोग' हे नाव नंतर आले तरी चालते.

तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवावी. या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ, पुढच्या आठवड्यात अनुस्वार. सगळे पान लाल झाले तर पुढची कविता चार ओळींची येते, आणि त्या ओळींत फक्त खात्रीचे शब्द असतात. शेरा 'छान' नसावा. आपण तो शब्द फळ्यावर खोडला आहे. जी ओळ आवडली तिच्याखाली रेघ मारावी आणि तिच्यातले काय दिसले ते लिहावे.

(दृश्य : बाकावर दोन मुली. एक वाचते आहे, दुसरी ऐकते आहे.)

पक्के लिहिण्याआधी वही शेजारणीला द्यायची. तिने मोठ्याने वाचायचे. जिने लिहिले तिने गप्प राहायचे आणि वाचणारी अडखळेल तिथे समासात ठिपका द्यायचा. ठिपक्याच्या जागी बहुधा विरामचिन्ह राहिलेले असते, किंवा एका वाक्यात तीन 'आणि' आलेले असतात, किंवा चरण लांबलेला असतो.

(दृश्य : तिसऱ्या चरणापाशी ठिपका. अक्षरांवरून सरकणारे बोट सातव्यावर थांबते. 'फरशीवर' खोडले जाते. पेन्सिल थोडा वेळ हवेत. मग उजव्या पानावर : 'काड्या गादीवर'.)