३४ वर्षं एकच रेणू

रिसर्च करायचाय म्हणणाऱ्या मुलांना मी नेहमी डोरोथी हॉजकिन यांची, म्हणजे स्फटिकांचे एक्स-रे फोटो घेऊन रेणूंची रचना शोधणाऱ्या ब्रिटिश केमिस्टची गोष्ट सांगतो, आणि सुरुवात नोबेलपासून नाही, शाळेपासून करतो. इंग्लंडमधल्या त्यांच्या शाळेत केमिस्ट्री मुलगे शिकायचे, ह्यांना आणि अजून एका मुलीला त्या वर्गात बसू दिलं म्हणून शिकता आलं. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी लॅटिन लागायचं, ते वेगळं शिकावं लागलं. १९३२ ला फर्स्ट क्लास डिग्री, मग पीएचडीसाठी केंब्रिजला जे. डी. बर्नाल ह्या शास्त्रज्ञांकडे, १९३४ ला परत ऑक्सफर्ड.

त्याच वर्षी तिथले केमिस्ट रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्सुलिनच्या स्फटिकांचा छोटासा नमुना दिला. वय २४, आणि हाताच्या सांध्यांना संधिवात नुकताच सुरू झालेला, म्हणजे बारीक स्फटिक हाताळायचे ते ह्याच हातांनी. १९३५ ला त्यांनी इन्सुलिनचा एक्स-रे फोटो घेतला, फिल्मवर ठिपके उमटलेले दिसले तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की रात्री उशिरा रस्त्यांवर नुसत्या फिरत राहिल्या.

आता अडचण काय होती ते नीट बघा, कारण सगळं करिअर त्यावरच उभं आहे. स्फटिकातल्या अणूंवरून एक्स-रेच्या लाटा विखुरतात आणि फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपका किती गडद आहे त्यावरून लाट किती मोठी ते कळतं, पण लाटा एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत, म्हणजे फेज, ती फिल्मवर येतच नाही, आणि फेजशिवाय अणू कुठे बसलेत ते काढता येत नाही. उपाय एक होता, स्फटिकात एखादा जड अणू बसवायचा आणि ठिपके कसे बदलतात ते बघायचं. पण इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लं जोडून बनलेला मोठा रेणू, आणि तेव्हा हिशोब कागदाच्या पट्ट्या लावून हाताने करायचे, ते जमणार कसं?

मग बाईंनी काय केलं, तर इन्सुलिन सोडलं नाही पण लहान रेणू हातात घेतले. १९४५ ला पेनिसिलीनची रचना, पुढे १९५६ पर्यंत व्हिटॅमिन बी-१२, ज्यात कोबाल्टचा जड अणू आधीच बसलेला असतो आणि ज्याच्या हिशोबाला कॉम्प्युटरही मिळाला. १९६४ चं नोबेल ह्या कामांसाठी मिळालं, तेव्हाही इन्सुलिनची रचना सुटलेली नव्हती!

ती सुटली १९६९ ला, आणि त्या टीममध्ये आपले भारतीय शास्त्रज्ञ एम. विजयन होते हे मला आवर्जून सांगायचंय.

तीन वर्षांत पेपर निघेल असाच विषय घे, असं आपण मुलांना सांगतो, मीही सांगितलंय, पण मला ते आता अर्धवट वाटतं, कारण त्या लहान रेणूंवर जे तंत्र पक्कं झालं ना, तेच पुढे मोठ्याला कामी आलं. आणि १९६९ नंतरही बाई थांबल्या नाहीत, अजून बारकाईने मोजत राहिल्या, १९८८ ला सविस्तर पेपर आला तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती आणि त्यात इन्सुलिनभोवती पाण्याचे रेणू कसे बसलेत तेसुद्धा मांडलंय.