कोडिंग दाखवताना लाइव्ह जायचं की रेकॉर्ड करायचं?

[पडद्यावर: काळं टर्मिनल, भराभर सरकणाऱ्या ओळी]

३१ जानेवारी २०१७ची रात्र. भारतात १ फेब्रुवारीची पहाट झालेली. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा एक इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरचा डेटाबेसचा फोल्डर पुसायला गेला आणि कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत ध्यानात आलं, त्याने ती थांबवली. पण सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरला होता. रोजचे बॅकअप शोधले, तर तेही बनत नव्हते.

कंपनीने यूट्यूबवर लाइव्ह सुरू केलं. इकडे डेटा परत आणणारी टीम, तिकडे जगभरातले हजारो डेव्हलपर. आपले इश्यू (कामांच्या नि चुकांच्या नोंदी), आपल्या कमेंट परत येणार का, कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक विचारत होते, टीम काम करता करता उत्तरं देत होती. अखेर सहा तास आधीच्या एका स्नॅपशॉटवरून, म्हणजे तेव्हाच्या जशाच्या तशा प्रतीवरून, डेटाबेस उभा राहिला.

तेच फुटेज आज सलग बघवणार नाही. बराच वेळ नुसता डेटा कॉपी होतोय. निकाल कळल्यावर त्या वाट बघण्यात जीव उरत नाही. तो प्रसंग समजून घ्यायचा, तर आज कंपनीचा लेखी अहवालच वाचावा.

माझ्या मते निवड इथेच होते. पुढे काय होणार हे तुम्हालाही माहीत नाही, आणि बघणाऱ्याच्या एका प्रश्नाने कामाची दिशा बदलू शकते? मग लाइव्ह जा. अडून बसलेला बग चारचौघांसमोर सोडवण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर कसं बसवायचं हे दाखवायचंय? रेकॉर्ड करा. शिकणाऱ्याच्या एका बाजूला व्हिडिओ असतो, दुसऱ्या बाजूला टर्मिनल. तो पॉज करतो, कमांड टाइप करतो, एरर आली की मागे जातो. डाउनलोड संपायची वाट त्याने कशाला बघायची? तेवढा भाग कापा. अक्षरं मोठी ठेवा, फोनवर बघणारेही असतात.

लाइव्ह म्हटलं तरी ते त्याच क्षणी पोचत नाही. ॲपलने २००९मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे तुकडे करून पाठवतात. ॲपल ६ सेकंदांचा तुकडा सुचवते आणि प्लेअर असे दोन-तीन तुकडे हाताशी ठेवूनच चित्र दाखवतो. म्हणजे १५-२० सेकंद गेले. चॅटमध्ये कुणी लिहितं, ‘सर, ४२व्या ओळीत कंस राहिला.’ तोवर तुम्ही दुसऱ्या फाइलमध्ये! म्हणून हात सावकाश चालवा आणि बोलत राहा. वेबआरटीसीत, म्हणजे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या तंत्रात, हा उशीर सेकंदाच्याही आत येतो. पाच-दहा जणांचा कोड रिव्ह्यू असेल तर तेच वापरा.

[पडद्यावर: एडिटरमध्ये चुकून उघडलेली डॉट ईएनव्ही फाइल]

आणि ही फाइल. पासवर्ड, एपीआय की असल्या गुप्त गोष्टी हिच्यात असतात; एपीआय की म्हणजे एखादी सेवा तुमच्या नावाने वापरू देणारी किल्ली. रेकॉर्डिंगमध्ये एपीआय की दिसली तर तेवढं दृश्य काढून टाकता येतं. लाइव्हमध्ये दिसली की ती फुटलीच असं धरा. स्ट्रीम बंद करण्यात वेळ घालवू नका. आधी ती की रद्द करा, नवी तयार करा, मग प्रेक्षकांशी बोला.