पाणी कुठवर आलं?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशकात जो तो एकच विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलं?" गोदाकाठचा दुतोंड्या मारुती हे आपलं पुराचं माप. गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९ च्या ऑगस्टात तर मूर्तीच पाण्याखाली गेली. गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पाणी चढू लागलं की सराफ बाजारातले लोक माल हलवायला लागतात, हाताला हात मिळतात. पुराची भीती सगळ्या गावाची असते, म्हणून ती सोसवते असं मला वाटतं.

गारपिटीच्या भीतीला असा मारुती नाही.

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. मार्च २०१४ मध्ये जिल्ह्यात गारपीट झाली, तेव्हा आमचा माल काढणीला आलेला होता. पत्र्यावरच्या आवाजात घरात बोललेलंही ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर बागेत गेलो. फुटक्या मण्यांतून रस ओघळत होता, काड्यांवर गारांच्या बाजूनेच साल सोलून निघाली होती. दोन दिवसांत आंबूस वास सुटला आणि घडांवर गांधीलमाश्या घोंगावू लागल्या.

दादा, म्हणजे माझे वडील, गप्प झाले. जेवायचे, बागेच्या कडेला जाऊन बसायचे, परत यायचे. आई म्हणायची, "देव बघेल, घाबरू नका." ती मायेनंच म्हणायची, पण त्यानं त्यांचं तोंड उघडलं नाही. मग शेजारच्या मळ्यातले तात्या आले. त्यांचीही बाग गेली होती. चहा घेतला आणि सरळ विचारलं, "दादा, देणं किती आहे?" सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, मजुरी. दादांनी आकडा सांगितला, तो आम्ही घरचे पहिल्यांदा ऐकत होतो. आकडा मोठाच होता. पण त्या रात्री दादा झोपले.

दुसऱ्या दिवसापासून सडके घड उतरवून खड्ड्यात पुरले. दोन्ही मळ्यांचं काम सगळ्यांनी मिळून केलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून जुन्या काड्या छाटल्या. त्यानंतर उन्हाच्या तडाख्यात नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या जागी, पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही, पण पाणी आणि खत त्याच्यासाठीच द्यायचं असतं. दादा मला डोळा दाखवून हे समजावत होते, तेव्हा कर्ज तेवढंच होतं.

श्रोतेहो, तुमच्या शिवारात, गल्लीत कुणी असं गप्प झालं असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्याकडे जा. धीराचे शब्द नाही सुचले तरी चालेल. बसा, चहा घ्या आणि तात्यांसारखं विचारा, "देणं किती आहे?"