तट्ट्याच्या भिंतींचे गाव

कोल्हापूरहून मिरजेकडे रेल्वेने निघाले की थोड्याच वेळात वळिवडे लागते, आणि त्याच्या शेजारीच कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता बांधायला तिथे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की, १९४३ ते १९४८ या काळात याच जागेवर सुमारे पाच हजार पोलिश माणसांची वसाहत नांदत होती. या वसाहतीची आठवण कोणी आणि कशी जपायची, एवढाच आजचा विषय आहे.

वळिवड्याची वसाहतही जामसाहेबांनीच वसवली, ही गफलत आरंभीच दूर केली पाहिजे, कारण ती मी सभासंमेलनांतून वारंवार ऐकतो. जामनगरचे राजे असलेल्या जामसाहेबांनी आपल्या संस्थानात बालाचडी येथे आश्रय दिला तो पोलिश मुलांना. वळिवडे ही मात्र कुटुंबांची वसाहत होती आणि तिचा खर्च दुसऱ्या महायुद्धात देश परक्यांच्या ताब्यात गेल्यावर लंडनमधून चालणाऱ्या पोलिश सरकारने उचलला होता. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सायबेरियात आणि कझाकस्तानात हद्दपार केलेली ही माणसे या पोलिश सरकारने सोव्हिएत संघाशी केलेल्या १९४१ च्या करारामुळे सुटली, १९४२ मध्ये इराणात उतरली आणि तिथून कराचीमार्गे इकडे आली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते; कर्ते पुरुष सैन्यात होते, किंवा वाटेतच गेले होते.

त्यांना राहायला लांबच लांब बराकी मिळाल्या. वर कौले, पुढे पडवी आणि दोन बिऱ्हाडांच्या मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत. अशा भिंतीने नजर अडते, पण आवाज अडत नाही. शेजारचे मूल रात्री खोकले की इकडची आई जागी होते. लढाई संपेपर्यंतची सोय म्हणून उभारलेल्या या बराकींच्या आधाराने शाळा, चर्च, इस्पितळ, नाट्यप्रयोग आणि स्काउट पथके असा सगळा संसार उभा राहिला. मुले पंचगंगेत पोहायला शिकली.

१९४५ मध्ये लढाई संपली, पण परतायला घर उरले नव्हते. याल्टा येथे झालेल्या मित्रराष्ट्रांच्या वाटाघाटींत त्यांचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला, आणि त्याच वर्षी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. त्यामुळे लढाईपुरती म्हणून बांधलेली वसाहत लढाईनंतरही जवळजवळ तीन वर्षे चालली. पुढे अनेक कुटुंबे ब्रिटनला गेली आणि तिथेही त्यांच्या वाट्याला पुन्हा छावण्याच आल्या, अर्धगोल पत्र्याच्या, सैन्याने सोडलेल्या. इकडे रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे राहायला आली. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्या निर्वासिताची चूल पेटली.

पोलिश माणसांनी आपल्या बाजूने हे स्मरण निष्ठेने जपले आहे. भारतात राहून गेलेल्यांनी लंडनमध्ये संघटना स्थापली, आठवणी गोळा करून ग्रंथरूपाने छापल्या. कोल्हापुरात महावीर उद्यानात १९९८ मध्ये स्मारक झाले, आणि येथेच मरण पावलेल्यांची दफनभूमीही शहरात आहे. तथापि माझ्या मते हे स्मरण अजून एकतर्फी आहे. ते मुख्यतः पोलिश आणि इंग्रजी भाषांत आहे, आणि बव्हंशी त्या वेळी मुले असलेल्यांचे आहे. त्यामुळे त्यात नदी, खेळ आणि ऊन ठळकपणे येतात, परंतु युद्धावर गेलेल्या नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी आई फिकट राहते. दूध आणि भाजी घालायला येणारे आसपासच्या गावांतले लोक कोणत्या खाणाखुणांनी आणि कोणत्या मोडक्या शब्दांत व्यवहार करीत, हे मराठीत कोणी नीट लिहून ठेवलेले नाही.

सातबाऱ्यावर कधीच नाव न लागलेल्या माणसांचा शोध दप्तरात घेऊन भागत नाही. म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. उपलब्ध छायाचित्रांच्या आणि आठवणींच्या आधारे बराकींच्या रांगा आजच्या गांधीनगरच्या नकाशावर आखाव्यात, आणि तो कागद घेऊन तेथील सिंधी घरांत जावे. आजी-आजोबा पहिल्यांदा कोणत्या खोलीत उतरले, तेव्हा तट्ट्या शाबूत होत्या का, आधीच्या बिऱ्हाडाचे काही मागे राहिले होते का, एवढेच विचारावे. आणि उत्तर सिंधीत आले तर ते सिंधीतच उतरवून घ्यावे.