वीस वर्षं टाकी उपसली नाही? मग मैला गेला कुठं?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात जा, शेळगीत जा, बाळ्यात जा, हद्दवाढीतल्या कुठल्याही नगरात संडासाच्या टाकीचा विषय काढा. एक तरी काका छाती फुगवून सांगणार, "गवंड्यानं अशी टाकी बांधलीय, वीस वर्षांत एकदाही उपसायला लागली नाही!" आजचा व्हिडिओ खास त्या काकांसाठी. कारण काका, टाकी उपसली नाही म्हणून मैला संपत नसतो. तो तुमच्या शोषखड्ड्यात गेलाय, नाहीतर मागच्या गटारीत.

टाकीत होतं काय? मैला पाण्याबरोबर आत येतो. जड भाग तळाला बसतो, तो गाळ. हलका, तेलकट भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मधलं जरा निवळलेलं पाणी शोषखड्ड्याकडं जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ कुजवून कमी करतात. कमी करतात हं, नाहीसा करत नाहीत. उरलेला साचतच राहतो. पाणी टाकीत साधारण एक ते दोन दिवस थांबलं पाहिजे. गाळ वाढला की तेवढी जागाच राहत नाही आणि घाण तशीच पुढं ढकलली जाते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा.

"आमची टाकी लई मोठी आहे." असू दे की. आयएस २४७० या मानकाच्या तक्त्यात पाच माणसांच्या घराला, दोन वर्षांनी उपसायची धरून, १.५ मीटर लांब, ०.७५ मीटर रुंद आणि १.०५ मीटर पाण्याची खोली एवढी टाकी पुरते. तुमची त्याच्या तिप्पट असेल, तर मुदत लांबेल. सुटका नाही.

मग कधी उपसायची हे कळणार कसं? त्यासाठी हे बघा. [काठी कॅमेऱ्यासमोर धरून] सात-आठ फुटांची बांबूची काठी, आणि तिच्या खालच्या निम्म्या भागाला गुंडाळलेला जुना पांढरा टॉवेल. आपल्या सोलापुरात टॉवेलला काय तोटा! मात्र लूपवाला, खरबरीत पाहिजे, गुळगुळीत कापडाला गाळ धरत नाही. सुतळीनं घट्ट बांधायचा. पहिल्या कप्प्याचा ढापा उघडायचा आणि थोडा वेळ लांब उभं राहायचं, वायू निघून जाऊ दे. तोंड भोकावर न्यायचं नाही, विडी-काडी जवळ नको, मिथेन पेट घेतो. एकट्यानं हे करायचं नाही, आणि पोरं-टोरं आसपास नकोत. हातमोजे घालून काठी सायीतून हळू खाली सोडायची. तळ लागला की पाच-एक मिनिटं तशीच धरायची आणि सावकाश वर काढायची. टॉवेलच्या खालच्या बाजूला काळा, चिकट पट्टा दिसेल आणि त्याच्या वर नुसता मळकट ओलावा. तो काळा पट्टा म्हणजे गाळाची उंची. पाण्याची खोली चार फूट आणि काळं सव्वा फुटाच्या वर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा गाळानं खाल्ला. गाडी बोलवा. टॉवेल परत धुऊन वापरायचा विचार करू नका, कुणीतरी करतं म्हणून सांगितलं.

ढापा उघडाच आहे तर बॅटरी मारून बाहेर जाणारा पाईप बघून घ्या. त्याच्या तोंडाला टी, म्हणजे इंग्रजी T अक्षरासारखा जोड असतो, त्याचा खालचा दांडा पाण्यात बुडालेला. तो सायीला अडवतो. कित्येक टाक्यांत हा टी बसवलेलाच नसतो. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू वाचवायची आणि शोषखड्डा घालवायचा, हा कसला हिशोब!

आता शोषखड्डा. माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे. टाकी उपसता येते, पण बुजलेला शोषखड्डा सहसा नवाच करावा लागतो. त्यातून आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस लागला की तीच माती फुगून छिद्रं बंद करते. सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि "संडासातलं पाणी उतरत नाही" हे रडगाणंही त्याच सुमारास. खड्डा काळ्या मातीत न संपवता खाली मुरमापर्यंत नेला पाहिजे. मुरूम पाणी पितो. पण खाली भेगाळलेला काळा पाषाण असेल तर तो जरा जास्तच पितो आणि पाणी थेट बोअरपर्यंत पोचवतो. म्हणून विहीर किंवा बोअरपासून १८ मीटर अंतर सोडायला सांगतात. शेजाऱ्याची बोअरही मोजायची बरं का, नुसती आपली नाही.

अजून एक खास आपल्याकडची गोष्ट. नळाला पाणी काही दिवसांआड. पाणी सुटायच्या दिवशी काय होतं? चादरी निघतात, मशीन दोन-तीनदा फिरतं, अंगण धुतलं जातं. हे सगळं पाणी संडासाच्या टाकीला जोडलं असेल, तर त्या लोंढ्यात बसलेला गाळ ढवळून निघतो आणि शोषखड्ड्यात जातो. न्हाणीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळं काढा, चार नारळांना सोडा.

संडासात काय टाकायचं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे: पॅड, डायपर, केस, उरलेलं तेल. ॲसिडचं मात्र सांगतो. फरशी चकचकीत करायला दर रविवारी बाटलीभर ॲसिड ओतलं, तर जिवाणूंचा फडशा पडतो. ब्रश आणि साबण पुरे. बाजारात टाकीसाठी पावडरी मिळतात, त्यांची गरज नाही. जिवाणू मैल्याबरोबर रोज येतातच. नवी टाकी असेल तर आधी पाण्यानं भरा, थोडं कुजलेलं शेण घाला, बास. हवेच्या पाईपच्या तोंडाला जाळी लावा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास असल्याच पाण्यात वाढतो.

आता नीट ऐका. टाकीत माणूस उतरवायचा नाही. पाणी कमी असलं तरी नाही, ओळखीचा असला तरी नाही, "मी स्वतःच उतरतो" म्हणाला तरी नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं आणि माणूस तिथंच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं हे काम सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे आणि तो घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टाकी उपसायची ती गाडीनं, पाईपनं. त्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४२० आहे, शिवाय महापालिकेच्या झोन कार्यालयात चौकशी करता येते.

गाडी शक्यतो एप्रिल-मे महिन्यात बोलवा, पावसाच्या आधी. फोनवरच विचारा: पाईप किती लांब आहे, आणि मैला कुठं रिकामा करणार? प्रक्रिया केंद्राचं नाव घ्यायला हवं. "बघू की ओ" असं उत्तर आलं तर तो ओढ्यात जाणार हे समजा आणि दुसरी गाडी बघा. ढापे आधी मोकळे करून ठेवा. बऱ्याच घरांत टाकीवर शहाबादी फरशी, तिच्यावर सिमेंट आणि वर पार्किंगच्या टाइल्स; मग गाडी दारात उभी आणि घरात छिन्नी-हातोड्याची शोधाशोध. दोन्ही कप्पे उपसून घ्या, नुसता पहिला नाही. आतून धुऊन घासून घेऊ नका, तळाला थोडा गाळ राहू द्या, त्यातूनच जिवाणू पुन्हा वाढतात.

गाडी गेली की टाकी लगेच पाण्यानं भरा. फायबरची तयार टाकी असेल तर नक्कीच, कारण रिकामी टाकी पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्यानं वर उचलली जाते आणि पाईप तुटतात. आणि ढाप्याच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटनं उपसल्याची तारीख लिहून ठेवा.